शिक्षेचा खेळ, खेळाची शिक्षा

‘जॅममध्ये उडालो, सर.’

हे वाक्य किती मुलांच्या तोंडून ऐकलं, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. काही वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस ‘कम्युनिकेशन स्किल्स’ शिकवायला जात होतो. एरवी त्या तासाला कोणी फिरकायचं नाही, पण कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की वर्गात उभं राहायला जागा नसायची. आधी ॲप्टिट्यूडची परीक्षा, मग ग्रुप डिस्कशन किंवा जॅम, त्यातून उरलेल्यांचा टेक्निकल, शेवटी एचआर. जॅम म्हणजे ‘जस्ट अ मिनिट’. चिठ्ठी उचलायची, विषय वाचायचा आणि साठ सेकंद इंग्रजीत न थांबता बोलायचं. मध्येच गाडी अडली की टेबलापलीकडचे दोघे कागदावर काहीतरी खरडतात आणि फार सभ्यपणे ‘थँक यू’ म्हणतात. त्या ‘थँक यू’चा अर्थ मुलांना बरोबर कळतो.

या मुलांना, आणि माझ्या अंदाजाने टेबलापलीकडच्या त्या दोघांनाही, एक गोष्ट माहीत नसायची. ज्या खेळाचं नाव आणि नियम उचलून ही फेरी बेतली आहे, तो खेळ माणसं अडखळावीत म्हणूनच रचलेला आहे. अडखळणाऱ्याला लोकांनी हसावं, त्यानेही हसावं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात त्यालाच पुन्हा तोंड उघडायची संधी मिळावी, अशी त्याची बांधणी. आपण त्यातलं हसू काढून घेतलं आणि चाळणी तेवढी ठेवली.

माझं म्हणणं असं, की ही फेरी बंद करावी आणि हा खेळ सुरू करावा. मराठीत. ते का, हे कळायला मूळ खेळ कसा चालतो ते बघावं लागेल.

बीबीसीच्या रेडिओ फोरवर २२ डिसेंबर १९६७ रोजी ‘जस्ट अ मिनिट’चा पहिला भाग लागला. तेव्हा रेडिओ फोर ही वाहिनीच जेमतेम तीन महिन्यांची होती. चौघे खेळाडू, एक सूत्रधार आणि समोर बसलेले प्रेक्षक, एवढाच पसारा. सूत्रधार एकाला विषय देतो. त्याने मिनिटभर बोलायचं; अडखळायचं नाही, एकदा वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडून भरकटायचं नाही. विषयाच्या चिठ्ठीवरचे शब्द तेवढे पुन्हा चालतात. बाकीचे तिघे बझरवर बोट ठेवून टपलेले. हरकत बरोबर ठरली, तर ती घेणाऱ्याला एक गुण आणि उरलेल्या सेकंदांपुरता विषय त्याच्या ताब्यात. चुकीची ठरली, तर गुण बोलणाऱ्याला. साठावं सेकंद संपताना शिट्टी वाजते आणि त्या क्षणी ज्याचं तोंड चालू असेल त्याला आणखी एक गुण. सुरुवातीला वाजणारं संगीत शोपँच्या ‘मिनिट वॉल्ट्झ’चं. ते नीट वाजवलं तर मिनिटापेक्षा जास्तच वेळ घेतं, हीही त्यातली एक गंमत.

खेळ रचला तो इयन मेसिटर याने. त्याचा उगम तो शाळेतला सांगायचा. शेरबोर्नच्या शाळेत इतिहासाच्या तासाला हा खिडकीबाहेर बघत बसलेला. मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उभं केलं आणि म्हणाले, गेल्या मिनिटभरात मी काय सांगितलं ते न अडखळता, पुन्हा पुन्हा तेच न बोलता सांग. अर्थात सांगता आलं नाही. पुढे कैक वर्षांनी, लंडनच्या तेरा नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसला असताना, त्याला ती शिक्षा आठवली आणि तिचा खेळ करता येईल हे सुचलं. १९५१ साली ‘वन मिनिट प्लीज’ या नावाने त्याचा एक अवतार बीबीसीवर येऊनही गेला होता. ‘जस्ट अ मिनिट’ हा त्याचा दुसरा जन्म.

म्हणजे वर्गात उभं करून केलेल्या अपमानाचा एका माणसाने खेळ केला. आपण तो खेळ घेतला आणि पुन्हा वर्गात उभं करून अपमान करायला वापरला. मास्तर जिंकले म्हणायचे.

सूत्रधाराची गोष्ट याहून बोलकी आहे. निकोलस पार्सन्स याला ती खुर्ची नकोच होती. तो खेळाडू म्हणून बसणार होता. ठरलेला सूत्रधार मिळाला नाही म्हणून गळ्यात पडली. पहिला भाग फारसा रंगला नाही, वरिष्ठांना आवडला नाही. डेव्हिड हॅच या तरुण निर्मात्याने हट्ट धरला म्हणून मालिका मिळाली. ‘तेवढ्यापुरतं’ म्हणून खुर्चीत बसलेला पार्सन्स मग, सुरुवातीचे मोजके भाग सोडले तर, तिथून पन्नास वर्षं उठलाच नाही. कार्यक्रमाला पहिली गैरहजेरी लागली ती २०१८ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी. २८ जानेवारी २०२० ला तो गेला तेव्हा ९६ वर्षांचा होता.

आणि हा माणूस लहानपणी तोतरा बोलायचा. ‘अडखळला की नाही’ याचा निवाडा अर्धशतकभर ज्याने केला, तो स्वतः अडखळत मोठा झालेला. इतकंच नव्हे, घरच्यांच्या आग्रहाखातर तरुणपणी तो क्लाइडबँकच्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअरिंगची उमेदवारी करत होता. नटाचं वेड त्यातून त्याला बाहेर घेऊन आलं. एका तोतऱ्या शिकाऊ इंजिनिअरने चालवलेल्या खेळात आज आपली इंजिनिअर पोरं नापास होतात. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं हसायची, पण त्या हसण्यात थोडा रागही असायचा.

पार्सन्सचा निवाडा कसा असे? वकिलाला घाम फुटेल असा. कधी तो ठाम, कधी गोंधळलेला, कधी सरळ प्रेक्षकांवर सोपवून मोकळा: पटलं असेल तर टाळ्या वाजवा, नसेल तर ओरडा. एखादी हरकत साफ चुकीची, पण ऐकणाऱ्यांना गुदगुल्या करणारी असली, तर तो बोलणाऱ्याला नियमाप्रमाणे गुण द्यायचा आणि हरकत घेणाऱ्यालाही एक बक्षिसाचा गुण देऊन टाकायचा, मजा आली म्हणून. असा गुण जिथे मिळतो तिथे गुणांची किंमत काय उरते? काहीच नाही. एखादा भाग कोण जिंकलं, हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. कोण कशावर चिडलं, ते मात्र राहतं.

चिडण्यात केनेथ विल्यम्सचा हात धरणारा कोणी नव्हता. १९६८ पासून १९८८ मध्ये मरेपर्यंत तो या खेळात होता. एकेक स्वर ताणत, नाकातून सूर काढत तो एखाद्या मध्ययुगीन संन्याशावर बोलू लागायचा आणि कोणी बझर दाबला की असा काही आकांत करायचा, जणू इस्टेट हिसकावून घेतली. मी इतक्या लांबून आलोय, हा त्याचा कायमचा कांगावा. प्रत्यक्षात तो राहायचा स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर. क्लेमंट फ्रॉइडची तऱ्हा उलटी. मख्ख चेहऱ्याने, खालच्या पट्टीत तो याद्या लांबवत राहायचा: बाजारातल्या भाज्या, भांडी, गावांची नावं. यादीत शब्द परत येत नाही आणि सेकंद मात्र सरतात. इतर कोणी बोलत असलं की हा घड्याळावर नजर ठेवून, शेवटचे दोन-तीन सेकंद उरले की बझर दाबायचा. हा गृहस्थ काही वर्षं खासदारही होता. २०१६ साली, मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप जाहीर झाले. तेव्हापासून जुने भाग ऐकताना त्याचा आवाज आला की माझंच हसू अडखळतं. जुन्या भागांत बायकांना ज्या सुरात उडवून लावलेलं ऐकू येतं तेही आज कानाला खुपतं. पन्नास वर्षं चाललेल्या कार्यक्रमात त्या-त्या काळाची घाणही साठलेली असतेच.

तरी तो टिकला. माझ्या मते त्याचं कारण नियम कडक असणं हे नाही. तो टिकला कारण चौघांना पक्कं माहीत असतं की पडलो तर उचलायला शेजारी माणूस आहे, आणि पाडलं तरी त्यानेच पाडलं आहे. अडखळणाऱ्याची बेइज्जती होत नाही, उलट तो त्या क्षणी सगळ्यांत लाडका होतो. ज्याने अख्खं मिनिट एका दमात पार केलं, त्याला टाळ्या मिळतात. पण हशा मिळतो तो आपटलेल्याला. असे मिनिटं पार करणारेच चौघं आणून बसवले असते तर कार्यक्रम चार आठवड्यांत बंद पडला असता.

आता आपल्याकडे या. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवरून हा कार्यक्रम भारतात शॉर्टवेव्हवर ऐकला जायचा आणि आपल्या कॉलेजांच्या महोत्सवांत ‘जॅम’ नावाने तो रुजला. तिथे सूत्रधाराला ‘जॅम मास्टर’ म्हणतात. पण रुजताना त्यात एक बदल झाला, आणि सगळी गोम त्या बदलात आहे. मूळ खेळात हरकतीची कारणं तीन. आपल्या कॉलेजी जॅममध्ये व्याकरणाची चूक हे आणखी एक कारण आलं. काळ चुकला, बझर. क्रियापद चुकलं, बझर. उच्चार चुकला, तरी कोणीतरी बझरवर. इंग्रज माणसाला आपल्या खेळात इंग्रजी तपासावंसं वाटलं नाही. ते आपल्याला वाटलं. कॉन्व्हेंटमधली पोरं त्यात मजा करायची, आणि ती मजा खरीच होती, मी ती पाहिली आहे. पण खेळ गावाकडच्या पोरांना बाहेर ठेवायला शिकला तो तिथेच. तिथून प्लेसमेंट ऑफिसात जायला एक जिना चढायचा राहिला होता.

२०१२ साली खुद्द ‘जस्ट अ मिनिट’ मुंबईत आला. लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरमध्ये दोन भाग झाले. तिकडचे विनोदवीर पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक यांच्याबरोबर आपल्याकडचे सायरस ब्रोचा आणि अनुवाब पाल खेळले. सगळं अर्थातच इंग्रजीत, बीबीसीचाच कार्यक्रम तो. माझ्या मनात वेगळंच आलं. जागा फिनिक्स मिलच्या आवारातली. याच गिरणगावात कोकणातून आलेले चाकरमानी शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या करायचे. दोन शाहीर समोरासमोर, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. एकाने पुराणातला अडचणीचा सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. जवाब सुचेना की ढोलकी त्याला सांभाळून घ्यायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. रत्नागिरीकडे हे सामने आजही रात्र रात्र चालतात. तमाशातली बतावणीही त्याच जातीची. तेव्हा ‘हे साहेबाचं खूळ, आपल्याला काय करायचंय’ असं कोणी म्हणू नये. तोंडाला तोंड देण्याचा जाहीर खेळ आपल्याला नवा नाही. आपण तो सुशिक्षित झाल्यावर विसरलो.

विसरलो आणि त्या जागी वक्तृत्व स्पर्धा आणल्या. शिक्षकांनी लिहून द्यायचं, आईने पाठ करून घ्यायचं, मुलाने ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपासून हातवाऱ्यांसकट ओतायचं. मध्ये एक ओळ निसटली की पोर जागीच गोठतं, कारण पुढची ओळ मागच्या ओळीला बांधलेली असते. अशी दहा वर्षं तयार झालेल्या मुलापुढे एकविसाव्या वर्षी चिठ्ठी येते, आणि तीही इंग्रजी.

एक प्रसंग सांगतो. सराव मुलाखती चालू होत्या. माण तालुक्यातला एक मुलगा. मेकॅनिकलचा, मार्क चांगले. विषय निघाला ‘रेनी सीझन’. त्याने सुरुवात केली: ‘रेनी सीझन इज माय फेव्हरिट सीझन.’ मग पिकॉक, मग अम्ब्रेला, मग ग्रीनरी एव्हरीव्हेअर. बाविसाव्या सेकंदाला तो थांबला. पाठ केलेला निबंध तिथे संपला असावा. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मी विचारलं, ‘अरे, तुमच्याकडे कुठला आलाय मोर आणि कुठली हिरवळ?’ तो हसला. मग मराठीत सांगायला लागला. ‘आमच्याकडं पाऊस म्हणजे… पडत न्हाई तसा. म्हणजे ढग येत्यात. महाबळेश्वरकडनं येत्यात, म्हणजे दिसत्यात आम्हाला, काळं असतंय सगळं. पण ते… थांबत न्हाईत. वरनं जात्यात पुढं. आजा म्हणायचा, ही दुसऱ्याच्या लग्नाची वरात हाय.’

मी सवयीने मोजलं. तीनदा ‘म्हणजे’, दोनदा अडखळ, ‘येत्यात’ पुन्हा आलेलं. तीनपैकी दोन नियमांत बाद. आणि पर्जन्यछायेचा प्रदेश कसा असतो हे मला भूगोलाच्या पुस्तकातून कळलं नव्हतं ते त्या वरातीतून कळलं. तो थांबत होता तिथे त्याला डोळ्यांसमोरचे ढग बघायचे होते. ‘फेव्हरिट सीझन’ म्हणताना तो कुठेच थांबला नव्हता, कारण बघण्यासारखं काही नव्हतं.

आता, कंपनीवाल्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. एका दिवसात हजारभर मुलं, चार माणसं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. चाळणी लागणारच. शिवाय काम परदेशी ग्राहकांशी. तिथे फोनवर इंग्रजी बोलावं लागतं, आणि ‘आमच्याकडचे ढग’ तिथे चालत नाहीत. हे सगळं कबूल. पण मग जे काम आहे ते करायला सांगा ना. एक बिघडलेला प्रोग्राम द्या आणि म्हणा, यात काय चुकलंय ते या माणसाला समजावून सांग, हवं तेवढं थांब. एक ईमेल लिहायला लावा. फोनवर कोणीतरी वैतागलेला ग्राहक बनून बोला. त्यातून इंग्रजीही कळेल आणि डोकंही. जॅममधून यातलं काहीच कळत नाही. कळतं ते इतकंच, की अनोळखी दोन माणसं रोखून बघत असताना हा मुलगा साठ सेकंद अर्थाविना बोलू शकतो का. असं बोलू शकणाऱ्यांची या देशात टंचाई आहे, असं मला तरी वाटत नाही. कुठलीही वृत्तवाहिनी लावा.

आणि मुलं काही मूर्ख नाहीत. जॅमसाठी क्लास निघाले, विषयांच्या याद्या निघाल्या, कुठल्याही विषयाला चिकटवता येतील अशी चार वाक्यं मुलं घोकून जातात. ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ हे त्यातलं सगळ्यांत चलनी नाणं. म्हणजे उत्स्फूर्ततेची परीक्षाही पाठांतरावर आली. हा कोणाचा विजय आहे?

काही मित्र म्हणतात, परीक्षेशिवाय कोणी बोलायला शिकत नाही. मला उलट दिसतं. भीती असली की माणूस माहीत असलेले शब्द वापरतो. खेळ असला की नसलेले शोधायला जातो. पुनरुक्ती नको, या एका नियमाने विल्यम्सला आणि मर्टनला काय काय शब्द उकरून काढायला लावले! पण ते उकरत होते कारण नाही सापडला तर नोकरी जाणार नव्हती.

आता दुसरा मुद्दा, मराठीचा. हा खेळ मराठीत आणायचा म्हटलं की भाषा आपले दात दाखवते, आणि मला त्यातच खरी मजा वाटते. इंग्रजीत पुनरुक्ती हा दोष असेल; मराठीत तो व्याकरणातला एक धडा आहे. अभ्यस्त शब्द आपण शाळेत शिकलो: हळूहळू, लाललाल, घरोघरी, दगडबिगड, कडकड. मराठी माणसाने पावसावर बोलायचं आणि ‘धो धो’ म्हणायचं नाही? ‘टपटप’ नाही, ‘भुरभुर’ नाही? ‘रिमझिम’ तेवढी सुटेल, कारण तिची दोन अर्धी वेगळी आहेत. ‘बोलता बोलता’ म्हटलं की बोलणारा बोलता बोलता बाद. पहिला नियम करावा लागेल तो इथे: जोडून आलेली जोडी एकच शब्द धरायची की दोन?

दुसरी अडचण ‘आहे’ची. आपल्या वाक्याचं शेपूट तिथेच येतं. एकदा ‘आहे’ म्हणून झालं की पुढची पन्नास सेकंदं क्रियापद बदलत राहावं लागेल, आणि मग लक्षात येईल की आपण दिवसभरात किती कमी क्रियापदांवर भागवतो. उलट विभक्ती आपल्या मदतीला. घर, घरात, घरून, घराला, घरचा: सगळे वेगळे शब्द. इंग्रजाला ही सोय नाही. एखादा हुशार खेळाडू एकाच नामाला सगळ्या विभक्त्या लावून वीस सेकंदं काढेल, आणि ज्या विभक्तीच्या तक्त्याने आठवीत छळलं त्याच्यावर पहिल्यांदाच कोणी हसेल.

विषयांतराबद्दल काय बोलावं! ‘जाता जाता एकच सांगतो’ म्हणून वीस मिनिटं घेणारे वक्ते आपल्या प्रत्येक व्यासपीठावर आहेत. त्यांच्या समोर तीन माणसं आणि तीन बझर ठेवले तर साहित्य संमेलनाचं वेळापत्रक पाळलं जाईल. आणि अडखळ? ‘ते आपलं हे’, ‘काय म्हणतात त्याला’, ‘आता बघा’. आमच्या अडखळण्यालाही वाक्प्रचार आहेत.

हा खेळ आकाशवाणीने करावा, असं माझं मत आहे, आणि ते खासगी एफएमला कमी लेखण्यासाठी नाही. खासगी वाहिनीला पहिल्या आठवड्यात श्रोते दिसावे लागतात. ‘जस्ट अ मिनिट’चा पहिला भाग पडला होता. पडलेला कार्यक्रम चालू ठेवण्याची ऐपत फक्त लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत असते. तिने ती वापरली नाही तर लोकांनी पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त ठरतो. याच बीबीसीवर १९७२ पासून एक दुसरा खेळ चालू आहे, ‘आय एम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’. त्यात ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ या लंडनच्या एका भुयारी स्टेशनाच्या नावाची एक फेरी असते: खेळाडू लंडनच्या रस्त्यांची आणि स्टेशनांची नावं गंभीर चेहऱ्याने एकामागून एक घेतात, डावपेचांवर वाद घालतात, आणि नियम मुळात अस्तित्वातच नाहीत. हे स्टेशन दुरुस्तीसाठी साडेपाच वर्षं बंद होतं. १९९८ मध्ये ते उघडायला याच कार्यक्रमातल्या मंडळींना बोलावलं. सार्वजनिक संस्थेने सार्वजनिक चेष्टा इतक्या मानाने सांभाळलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपली आकाशवाणीही एके काळी घराघरांत हसवत होती. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भाऊजी आठवणारी पिढी अजून आहे. सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी, नागपूर, अशी केंद्रं आहेत, स्टुडिओ आहेत, मायक्रोफोन आहेत. खर्च काय? चार खुर्च्या, तीन-चार बझर, एक स्टॉपवॉच, एक शिट्टी. परभणीच्या भागात परभणीची मराठी, रत्नागिरीच्या भागात तिथली. ‘येत्यात’ला हरकत घेता येणार नाही, एवढा एकच नियम मी आग्रहाने वाढवीन. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून भाषणं पुष्कळ झाली, सगळी न अडखळता. शाल-श्रीफळाला माझी हरकत नाही; पण भाषा जुनी आहे हे सिद्ध झालं, आता ती खेळायला अंगणात कधी येणार?

मी स्वतः हा प्रयोग घरी केला आहे. गेल्या पावसाळ्यात सातारला निघालो होतो. दाजी गाडी चालवत होते, ताई पुढे, मागे मी, भाची आणि आई. खंबाटकीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. भाचीच्या मोबाइलवर स्टॉपवॉच, बझर म्हणून आईच्या हातात रिकामा स्टीलचा डबा आणि चमचा. चिठ्ठी निघाली ‘एसटी स्टँड’. भाची मोठ्या हुशारीने निघाली. वळकटी, कंडक्टर, उसाचा रस, ‘गाडी फलाटावर लागली’, मग ‘माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात’. एकदाही ‘आहे’ नाही. त्रेचाळीस सेकंदं झाली आणि ती म्हणाली, ‘मग ड्रायव्हर हळूहळू…’

डबा वाजला.

‘हळू दोनदा,’ आई म्हणाली.

‘आजी, तो एकच शब्द आहे!’

‘एकच असता तर दोनदा कशाला म्हणाली असतीस?’

ताईने शाळेतलं व्याकरण काढलं. मी पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त असं काहीतरी बोलायला गेलो, तर आईने माझ्यावर विषयांतराची हरकत घेतली. समोरचा ट्रक हलला. दाजींनी गिअर टाकत दोघींनाही एकेक गुण दिला आणि मला वजा एक. स्टॉपवॉच बंद करायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. घाट उतरल्यावर भाचीने बघितलं, तेव्हा ते मिनिट एकोणतिसाव्या मिनिटात होतं.